वाचकांचे प्रश्न : बास बोट – घेताना, सांभाळताना आणि अडल्यावर

मागील अंकात टेक्सासमधील लेक फोर्क या तलावाविषयी लेख होता. १९९२ साली टेक्सास राज्याचा विक्रम ठरलेला १८.१८ पौंडांचा लार्जमाउथ बास मासा याच तलावात गळाला लागला होता. त्या लेखानंतर आलेली बहुतेक पत्रे माशाविषयी नसून बोटीविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे बास बोटीला दिले आहे.

ज्यांनी ही बोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारण १८ ते २१ फूट लांबीच्या या बोटीची कड पाण्यापासून फारशी उंच नसते, आणि पुढे व मागे उभे राहून गळ टाकता येईल असे सपाट डेक असतात. मागे बहुधा १५० ते २५० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन, पुढे बोट निःशब्दपणे सरकवणारी विजेवरची ट्रोलिंग मोटर आणि पोटात मासे जिवंत ठेवणारी लाइव्हवेल नावाची टाकी असते. लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे होम्स थर्मंड यांनी १९४८ साली बांधलेली स्कीटर ही या जातीची पहिली बोट मानली जाते. पुढे १९६७ मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सातील बीव्हर लेकवर मासेमारीची मोठी स्पर्धा भरवली आणि त्याच राज्यातील फ्लिपिन गावी फॉरेस्ट वुड यांनी १९६८ मध्ये रेंजर बोटी बांधायला घेतल्या. मासे धरण्याच्या बोटीला एवढे मोठे इंजिन कशाला, असे एका वाचकाने विचारले आहे. त्याचे उत्तर या स्पर्धांतच आहे, कारण पहाटे सर्वजण एकाच धक्क्यावरून निघतात आणि चांगल्या जागी जो आधी पोहोचतो त्याचीच ती जागा होते.

प्रश्न : एका गृहस्थांची बारा वर्षे जुनी, २० फुटी फायबरग्लासची बोट २२५ अश्वशक्तीच्या इंजिनासह विकाऊ आहे. “फारशी वापरलीच नाही, गॅरेजातच उभी होती,” असे ते सांगतात. ही जमेची बाजू समजावी काय? बोट पाहताना काय तपासावे?
– एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

उत्तर : गॅरेजात उभी होती ही जमेची बाजू आहे, फारशी वापरली नाही ही नव्हे. छपराखाली राहिल्याने जेलकोटची (फायबरग्लासवरील बाहेरच्या थराची) चकाकी, गालिचा आणि खुर्च्यांचे आवरण टिकते. परंतु इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर (पात्यांचे चाक), पेट्रोलच्या नळ्या, बॅटऱ्या आणि ट्रेलरचे टायर वापराने जेवढे झिजतात तेवढेच नुसत्या काळानेही खराब होतात. टाकीत वर्षभर पडून राहिलेले पेट्रोल इंजेक्टरमध्ये चिकट थर धरते, तर एकाच जागी दबून राहिलेल्या इम्पेलरची पाती वाकलेल्याच स्थितीत घट्ट होतात. दर पंधरा दिवसांनी पाण्यात उतरलेली आणि दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवलेली बोट मी अशा बोटीपेक्षा केव्हाही आधी पाहीन.

तपासणीची सुरुवात ट्रान्समपासून करावी. ज्या मागच्या भिंतीवर इंजिन टांगलेले असते ती भिंत म्हणजे ट्रान्सम. अनेक जुन्या बोटींत तिच्या गाभ्यात लाकूड असते आणि बोल्टच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी ते आतून कुजवते. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर अंगाचा भार द्यावा आणि त्या वेळी भिंत लवते का, बोल्टभोवती तडे दिसतात का, हे दुसऱ्या माणसाला पाहायला सांगावे. भिंत लवत असेल तर किमतीची घासाघीस करण्यात अर्थ नाही, कारण जुन्या बोटीच्या ट्रान्समची दुरुस्ती बोटीच्या किमतीलाही मागे टाकू शकते.

त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत निर्माण होणारा दाब, मोजून घ्यावे. आकडा इंजिनागणिक वेगळा असतो. महत्त्वाचा असतो तो सिलिंडरा-सिलिंडरांतील फरक. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक अंतर असेल तर त्याचे कारण कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. अलीकडच्या इंजिनांच्या संगणकात एकूण किती तास आणि कोणत्या वेगाने इंजिन चालले याची नोंद असते आणि डीलर ती छापून देतो. विक्रेत्याने ती देण्यास टाळाटाळ केली तर तेही एक उत्तरच समजावे. अंगणात नळीचे पाणी लावून इंजिन सुरू करून दाखवल्याने ते सुरू होते एवढेच सिद्ध होते, म्हणून तलावावर नेऊन, पूर्ण थ्रॉटलवर ते निर्मात्याने सांगितलेल्या दर मिनिटाच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तळाच्या पोकळीतील फोम पाणी प्यायला असेल तर बोट विनाकारण जड झालेली असते. शंका आल्यास ट्रकच्या वजनकाट्यावर वजन करून निर्मात्याच्या आकड्याशी ताडून पाहावे.

कागदपत्रांविषयी एक गोष्ट नव्याने आलेल्यांच्या हमखास लक्षात येत नाही. टेक्सासमध्ये बोटीचे आणि आउटबोर्ड इंजिनाचे मालकीपत्र वेगवेगळे असते आणि ट्रेलरची नोंद वाहन म्हणून निराळी होते. तिन्हींवरील क्रमांक प्रत्यक्ष वस्तूंवरील क्रमांकांशी जुळवून पाहावेत. शेवटी आपल्या गाडीकडेही पाहावे. या आकाराची बोट ट्रेलर आणि भरलेल्या टाकीसह ४,००० पौंडांच्या आसपास जाते आणि बहुतेक मिनीव्हॅनची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड असते.

प्रश्न : इंजिन पटकन सुरू होते आणि हळू वेगात छान चालते, परंतु वेग घेतल्यावर थोड्याच वेळात दम तुटल्यासारखे मंदावते. प्राइमर बल्ब (पेट्रोलच्या नळीतील हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबला की पुन्हा उचल घेते. मेकॅनिकने प्लग बदलले, फरक पडला नाही.
– एक वाचक, कमिंग, जॉर्जिया (लेक लेनियर)

उत्तर : बल्ब दाबल्यावर इंजिन सावरते, म्हणजे प्लगचा काही दोष नाही आणि इंजिनाला पेट्रोल पुरत नाही, हे निदान आपण स्वतःच केलेले आहे. आता पेट्रोल नेमके कोठे अडते एवढेच शोधायचे आहे.

इंजिन मंदावेल त्या क्षणी बल्बचा आकार पाहावा. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल तर अडथळा टाकी आणि बल्ब यांच्या दरम्यान आहे. सर्वांत सोपी शक्यता हवा आत घेणारी नळी तुंबल्याची असते, कारण तिच्या तोंडाशी कुंभारीण माशी घर करते. टाकीचे झाकण सैल करून बोट चालवावी आणि त्रास थांबला तर कारण सापडले असे समजावे. थांबला नाही तर टाकीच्या मुखाशी असलेली, पेट्रोल आपोआप वाहू न देणारी अँटी-सायफन झडप आणि टाकीतील शोषक नळीची जाळी पाहावी. बल्ब चपटा न होता मऊच राहत असेल तर कोठून तरी हवा आत येत आहे, म्हणून सर्व जोड आणि पट्ट्या तपासाव्यात. बल्ब टणक असूनही इंजिन मंदावत असेल तर दोष बल्बच्या पुढे, म्हणजे फिल्टर किंवा इंजिनावरील पंप यांत असतो.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ताजे पेट्रोल भरलेली लहान सुटी टाकी, नवी नळी आणि नवा बल्ब जोडून तलावावर एक फेरी मारणे. इंजिन नीट चालले तर बोटीची टाकी आणि नळ्या दोषी आहेत, न चालले तर इंजिन. शेकडो डॉलरचे सुटे भाग अंदाजाने बदलण्यापेक्षा ही एक फेरी स्वस्त पडते. जुन्या नळ्यांत आणखी एक लबाड दोष आढळतो. इथेनॉलमुळे नळीचे आतले अस्तर सुटते आणि ओढ वाढली की पडद्यासारखे मिटून वाट अडवते. बाहेरून अशी नळी अगदी धडधाकट दिसते.

पेट्रोलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याच तऱ्हेची आणखी तीन पत्रे आली आहेत. अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषते. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मिसळून राहते; मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि शोषक नळी नेमकी तळाशीच असते. एकदा असे विभाजन झाल्यावर कोणतेही रसायन ते पुन्हा एकजीव करत नाही, सर्व पेट्रोल उपसून टाकावेच लागते. १० मायक्रॉनच्या, पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमधील पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून स्थिर होऊ द्यावे, तळाशी वेगळा थर दिसला तर शंका उरत नाही. फिल्टर निदान वर्षातून एकदा बदलावा आणि बोट महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल टिकवणारे रसायन, म्हणजे स्टॅबिलायझर, आधीच घालावे. पंपावर “अनलेडेड ८८” या नावाने जे स्वस्त पेट्रोल मिळते त्यात पंधरा टक्के इथेनॉल असते आणि बोटीच्या इंजिनात ते वापरण्यास कायद्याने मनाई आहे. बोट ट्रेलरवर मागे जोडलेली असताना गाडीसाठी तोच पंप निवडला आणि त्याच नळीने बोटही भरली, असे सहज घडते. ही सर्व कामे झाकणे उघडी ठेवून, मोकळ्या हवेत आणि बॅटरीची जोडणी काढून करावीत.

प्रश्न : लाइव्हवेलचा पंप चालू असल्याचा आवाज येतो, पण पाणी येत नाही. पंप बदलावा का?
– एक वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर : इतक्यात नको. ट्रेलरवरून पाण्यात उतरताना पंपात हवा अडकते आणि पंप नुसता घुमत राहतो. बोट थोडी मागे, उलट गियरमध्ये चालवली की पाण्याच्या दाबाने बहुधा हवा सुटते. तरीही पाणी आले नाही तर तळाच्या जाळीत शेवाळ किंवा पाने अडकली आहेत का ते पाहावे. तलाव सोडताना मात्र लाइव्हवेल आणि तळाचे सर्व पाणी काढून टाकणे टेक्साससह अनेक राज्यांत बंधनकारक आहे. टेक्सासमध्ये परके, झपाट्याने पसरणारे झेब्रा शिंपले २००९ साली लेक टेक्सोमात प्रथम सापडले आणि त्यानंतर बोटींबरोबरच ते तलावा-तलावांत पसरले.

प्रश्न : माझी ट्रोलिंग मोटर ३६ व्होल्टची आहे. रात्रभर चार्ज करून चार्जरचे तिन्ही दिवे हिरवे दिसतात, तरी दुपारपर्यंत मोटर मंदावते. तिन्ही बॅटऱ्या बदलून लिथियम घ्याव्यात का?
– एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : हिरवा दिवा बॅटरी आणखी विद्युतभार घेत नाही एवढेच सांगतो, ती किती साठवते हे सांगत नाही. शिशाच्या सल्फेटचा थर बसून निम्मी क्षमता गमावलेली शिशाची बॅटरी लवकर “भरते”, म्हणून तिचा दिवा उलट आधी हिरवा होतो.

तीन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असताना सर्वांत दुबळी बॅटरी बाकी दोघींना खाली ओढते. चार्जर काढून बॅटऱ्या काही तास तशाच राहू द्याव्यात, मग प्रत्येकीचा व्होल्टेज स्वतंत्र मोजावा. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, आणि १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी असते. आकडे सारखे आले तरी समाधान मानू नये, दुकानात नेऊन भाराखाली चाचणी करून घ्यावी. बहुतेक वाहन-सुट्या भागांची दुकाने ती विनामूल्य करतात. त्याआधी दोन गोष्टी घरीच पाहाव्यात. बॅटरीच्या खांबांवरील पंखाकृती नट धक्क्यांनी सैल होतात, त्यांच्या जागी साधे षट्कोनी नट आणि लॉक वॉशर लावून पान्याने आवळावेत. मोटरचा पंखा काढून त्यामागे गळाचा दोरा गुंडाळला गेला आहे का तेही पाहावे, कारण अडलेली मोटर जास्त वीज खाते.

तीनपैकी एकच बॅटरी मेली असेल तर तेवढी एकच बदलण्याचा मोह होतो. बॅटऱ्या वर्षभरातल्या असतील तर तसे करावे. जुन्या असतील तर नवी बॅटरी जुन्यांच्या संगतीत लवकर म्हातारी होते, म्हणून तिन्ही एकदम बदलाव्यात.

आता लिथियमविषयी. ही बॅटरी वजनाने शिशाच्या निम्म्याहून कमी असते, शेवटपर्यंत जवळजवळ सारखा व्होल्टेज देते आणि निम्म्याच्या खाली उतरली तरी बिघडत नाही. जी व्यक्ती दर आठवड्याला तलावावर जाते तिने ती घ्यावी असे माझे मत आहे. वर्षातून मोजके दिवस जाणाऱ्यांना चांगल्या एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेल्या, शिशाच्याच) बॅटऱ्या पुरेशा आहेत. लिथियम घेतल्यास चार्जर तिच्या प्रकारासाठी योग्य आहे का ते पाहावे लागते. गोठणबिंदूखालच्या थंडीत ती चार्ज करता येत नाही आणि संपताना ती हळूहळू मंदावत नाही, आतील संरक्षक यंत्रणा तिला एकदम बंद करते. इंजिन सुरू करणारी बॅटरी मात्र निर्मात्याने लेखी मान्यता दिल्याशिवाय लिथियमची करू नये. हल्ली डेकवर दोन-तीन मोठे फिशफाइंडर (पाण्यातील मासे पडद्यावर दाखवणारी यंत्रे) दिवसभर चालतात आणि ते बहुधा याच बॅटरीवर जोडलेले असतात, त्यामुळे संध्याकाळी इंजिन सुरू होत नाही तेव्हा पहिला संशय इंजिनावर न घेता या बॅटरीवर घ्यावा.

प्रश्न : माझ्या मुलाने ऑस्टिनला अशी बोट घेतली आहे. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत ती ताशी ६५ मैलांनी धावते आहे आणि नातू पुढच्या खुर्चीवर बसला आहे. आम्ही दिवाळीनंतर तिकडे जाणार आहोत. मुलाला काय सांगावे?
– एक आई, सातारा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि आपण सांगितलेले तो अधिक ऐकेल. पुढच्या डेकवरची उंच खुर्ची बोट थांबलेली असताना मासे धरण्यासाठी असते. बोट वेगात असताना तिच्यावर कोणीही बसायचे नाही, मग तो नातू असो वा आजोबा. टेक्सासमध्ये २६ फुटांहून लहान बोट चालत असताना तेरा वर्षांखालील मुलाने लाइफ जॅकेट घातलेलेच असावे लागते, नुसते बोटीत ठेवलेले चालत नाही. आपणही दोघांनी ते घालावे. हवेने फुगणारी पातळ जॅकेट मोठ्यांना सोयीची असतात, लहान मुलांना मात्र फोमचेच हवे.

दुसरी गोष्ट किल स्विचची. चालकाच्या अंगाला जोडलेली ही लहान दोरी सुटली की इंजिन बंद पडते. ती नसेल आणि चालक लाटेच्या धक्क्याने बाहेर फेकला गेला, तर मोकळे सुकाणू इंजिनाच्या जोराने एका बाजूला वळते आणि बोट गोल फिरून त्याच माणसावर परत येते. टेक्सासने २०१९ मध्ये आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालील बोटींसाठी वेगात असताना तिचा वापर बंधनकारक केला आहे. मुलाचा जन्म १ सप्टेंबर १९९३ रोजी किंवा त्यानंतरचा असेल तर त्याने नौकाचालनाचा अभ्यासक्रमही पूर्ण केलेला असावा लागतो. ही बोट वेगात असतानाच डावी-उजवीकडे डुलू लागली तर नवख्याने थ्रॉटल हळू कमी करणे हाच उपाय आहे. सुकाणूने डोलणे सावरण्याची कला सरावाने येते, आणि ती आपण पाहुणे असताना शिकू नये असे त्याला जरूर सांगावे.

प्रश्न : ह्यूस्टनहून सॅम रेबर्न तलावाकडे जाताना ट्रेलरच्या एका चाकाजवळ जळका वास आला. हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) हाताला चटका देत होता. ग्रीस तर मी भरपूर भरले होते.
– एक वाचक, शुगरलँड, टेक्सास

उत्तर : कदाचित भरपूर भरले हेच कारण असावे. हबवरील स्प्रिंगच्या टोपीतून गरजेपेक्षा जास्त ग्रीस दाबले की मागचे सील बाहेर ढकलले जाते, तेथून ग्रीस गळते आणि पाणी आत जाते. चाकाच्या आतील बाजूस ग्रीस उडालेले असेल तर हेच झाले आहे. तसे नसेल आणि त्या चाकाला डिस्क ब्रेक असेल, तर अडकलेला ब्रेक हीही शक्यता आहे. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवले की दोन्हींतला भेद कळतो. घरघर आली तर बेअरिंग, घट्ट फिरले तर ब्रेक.

हब खराब होण्याचे आणखी एक कारण धक्क्यावर घडते. लांबच्या प्रवासाने तापलेला हब थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. म्हणून पोहोचल्यावर बाजूला थांबून पट्टे सोडावेत, सामान लावावे, तळाचा ड्रेन प्लग बसवावा आणि तेवढ्या वेळात हब निवू द्यावेत; मागे रांगेत उभ्या असलेल्यांचीही यात सोय होते. निघाल्यावर पंधरा-वीस मैलांनी थांबून चारही हबना हात लावून पाहावा. सर्व सारखे कोमट असतील तर ठीक, एकच वेगळा तापला असेल तर तेथेच थांबावे. बेअरिंग बसवून ग्रीस भरलेला तयार हब, ट्रेलरच्या नटांना बसणारा पाना आणि ट्रेलरखाली जाणारा जॅक जवळ ठेवावा, कारण गाडीचा जॅक आणि पाना बहुधा उपयोगी पडत नाहीत. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे त्याचे वय सांगतात; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर ट्रेलरचे टायर बदलावेत.

प्रश्न : हिवाळ्यापूर्वी लोअर युनिटचे (इंजिनाच्या खालच्या, गियर असलेल्या भागाचे) तेल काढले तर ते दुधाळ निघाले. नवे तेल भरून बोट वसंतापर्यंत ठेवली तर चालेल का?
– एक वाचक, मिनीॲपोलिस, मिनेसोटा

उत्तर : नुसते तेल बदलून चालणार नाही. तेल दुधाळ होते ते पाण्यामुळे, आणि पाणी ज्या वाटेने आले ती वाट अजून उघडी आहे. मिनेसोटाच्या थंडीत गियरच्या पेटीत राहिलेले पाणी गोठून पेटी फोडू शकते, त्यामुळे दुरुस्ती वसंतावर ढकलू नये.

पंखा काढून त्याच्या दांड्याभोवती पाहावे. बहुतेक वेळा तेथे गळाचा बारीक दोरा गुंडाळलेला आणि त्याने सील कापलेले आढळते. तळ्यावर कोणाचा तरी तुटलेला दोरा नेहमीच तरंगत असतो, म्हणून हंगामात अधूनमधून पंखा काढून पाहण्याची सवय ठेवावी. दोरा नसेल तर तेलाच्या दोन स्क्रूंच्या चकत्या पाहाव्यात, कारण त्या प्रत्येक वेळी नव्या घालायच्या असतात आणि अनेकजण जुन्याच वापरतात. सील बदलल्यावर हवेच्या दाबाने गळतीची चाचणी करून घ्यावी. नवे तेल नेहमी खालच्या छिद्रातून पंपाने, वरच्या छिद्रातून बुडबुडे न येता बाहेर पडेपर्यंत भरावे. वरून ओतल्यास हवा अडकते. लोअर युनिट उतरवलेलेच असेल तर इम्पेलरही त्याच वेळी बदलून घ्यावा, मजुरी एकदाच पडते.

उरलेल्या तयारीत पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून ते इंजिनापर्यंत पोहोचेल एवढा वेळ इंजिन पाणी लावून चालवावे. लाइव्हवेलच्या नळ्यांतील पाणी पूर्ण काढावे, किंवा त्यांत आरव्हीसाठी (राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी) मिळणारे, न गोठणारे गुलाबी अँटिफ्रीझ फिरवावे. शिशाच्या बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवाव्यात, कारण रिकाम्या बॅटरीतील द्राव लवकर गोठतो. लिथियमच्या असतील तर घरात आणून ठेवाव्यात. सर्वांत शेवटी इंजिन उभे, खाली सोडलेल्या स्थितीत ठेवावे. वर उचलून ठेवलेल्या इंजिनातून पाणी पूर्ण निथळत नाही आणि पंख्याच्या मध्यभागी साठलेले पावसाचे किंवा बर्फाचे पाणीही तेथेच गोठते.